लहानपणी तसं काही वाईट झालं नव्हतं, तरी मी असा का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ३४ वर्षांचे, सातपूरला कंपनीत नोकरी, राहायला सिडकोत, मूळ गाव कळवण तालुक्यात. पहिलीत असतानाच आईवडिलांनी शिक्षणासाठी नाशकात काकांकडे आणून ठेवलं, दहावीपर्यंत तिथेच. काका-काकूंनी काही कमी केलं नाही, खाणंपिणं, शाळा, क्लास सगळं व्यवस्थित, मार तर कधीच नाही. सुरुवातीला महिनाभर रडलात म्हणे आणि मग "छान रुळला" असं घरातले सगळे आजही कौतुकाने सांगतात. आता मात्र बायकोने फोन उचलला नाही की छातीत धडधड, हात गार, पाठोपाठ दहा-पंधरा कॉल, आणि ती चार दिवस माहेरी राहून परत आली की तुम्ही दोन दिवस तिच्याशी धड बोलत नाही, चुकतंय हे कळतं पण तोंडातून शब्दच निघत नाही. रात्री झोप मोडते. दीड वर्षाची मुलगी आहे, तिच्यातही हे उतरेल का अशी भीती वाटते. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, माझ्यासोबत वाईट असं काहीच घडलं नाही, मग मी असा का.

थेट उत्तर आधी देते. लहानपणाशी याचा संबंध असण्याची शक्यता बरीच आहे. पण त्यासाठी आईवडिलांना किंवा काका-काकूंना आरोपी करायची गरज नाही. आणि मुलीबद्दल म्हणाल तर हे तिच्यात आपोआप उतरत नाही, ते कसं ते खाली सांगते. खाली ज्या घरांची उदाहरणं येतील ती कुणा एकाची नाहीत, माझ्याकडे येऊन गेलेल्या बऱ्याच जणांची एकत्र केलेली आहेत, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

तुमच्या सगळ्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती धडधड नाही, ते "छान रुळला". कारण या विषयातलं खूप सारं संशोधन नेमकं इथूनच सुरू झालंय. १९५०च्या आसपास इंग्लंडमधल्या बऱ्याच हॉस्पिटलांमध्ये लहान मूल अॅडमिट झालं की आईवडिलांना भेटायची वेळ अगदी थोडी असायची, काही ठिकाणी तर आठवड्यातून एकदा, आणि कारण काय सांगायचे तर आई आली की पोर रडतं, वॉर्ड डोक्यावर घेतं, ती नसली की शांत असतं, म्हणजे न येणंच बरं. जेम्स रॉबर्टसन नावाचा एक माणूस होता, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लहान मुलांच्या मानसोपचारात काम करणाऱ्या अॅना फ्रॉइडच्या पाळणाघरात तो बॉयलर सांभाळायचा, तिथे मुलं बघता बघता या विषयात शिरला आणि पुढे जॉन बोल्बी या मानसोपचारतज्ज्ञाबरोबर काम करायला लागला. त्याने वॉर्डातल्या मुलांकडे नुसतं बघत बसायचं काम केलं आणि त्याला दिसलं की आईपासून तुटलेलं लहान मूल साधारण तीन टप्प्यांतून जातं. आधी आकांत करतं, मग मलूल होऊन बसतं, आणि मग एक दिवस खेळायला लागतं, जेवायला लागतं, नर्सकडे बघून हसतं. सगळ्यांना वाटतं सुटलो एकदाचे. पण आई भेटायला आली की ते तिच्याकडे बघतही नाही, तोंड फिरवतं, जणू ओळखच नाही. रॉबर्टसन म्हणत होता की हा तिसरा टप्पा म्हणजे बरं होणं नाही, मुलाने आस सोडलीय. १९५२ मध्ये त्याने एका दोन वर्षांच्या मुलीवर छोटी फिल्म काढून डॉक्टर लोकांना दाखवली तेव्हा बरेच जण चिडले, मान्यच करेनात. शेवटी १९५९ मध्ये तिथल्या सरकारी समितीने शिफारस केली की मुलांना भेटायला आईवडिलांना मोकळीक द्या.

आता हे आपल्याकडे आणून बघा. माझ्याकडे आलेल्या अशाच एका माणसाने कितीतरी वर्षांनी आईला विचारलं, मी नाशकात होतो तेव्हा तू भेटायला का यायची नाहीस. तिला बिचारीला सगळ्यांनी सांगितलं होतं, जाऊ नकोस, पोरगं बिथरेल, पुन्हा पहिल्यापासून रडायला लागेल, राहू दे रुळतंय तर. ती देवळाली कॅम्पला नणंदेकडे कामासाठी यायची तेव्हाही मुलाला न भेटता परत जायची आणि एसटीत रडायची. इंग्लंडच्या हॉस्पिटलातला आणि आपल्या गावातला सल्ला अगदी एकच, आणि दोन्हीकडे चांगल्या हेतूने दिलेला. मुलाच्या बाजूने मात्र हिशोब वेगळा असतो. सहा वर्षांच्या पोराला शिक्षणाचं महत्त्व कळत नाही, त्याला एवढंच कळतं की मी रडलो तरी कोणी आलं नाही, आणि रडायचं थांबलो तेव्हा सगळे शाबास म्हणाले.

यात "वाईट काही झालं नाही" हे तुमचं म्हणणंही बरोबर आहे. मार नाही, उपासमार नाही, कोणी अंगाला हात लावला नाही. पण मनाच्या बाबतीत जे घडलं तेवढंच मोजून चालत नाही, जे घडायला हवं होतं आणि घडलं नाही तेही मोजावं लागतं. घाबरलेलं असताना कोणी जवळ घेणं, का रडतोस असं विचारणं, आई कधी येणार याचं खरं उत्तर मिळणं. हे न मिळालेलं आठवणीत सापडत नाही कारण न घडलेल्या गोष्टीची आठवण कशी असणार, म्हणून माणूस वर्षानुवर्षं म्हणत राहतो की माझं बालपण तर नॉर्मल होतं.

पुढचं संशोधन मेरी एन्सवर्थ या बाईंचं. त्या १९५४-५५ मध्ये युगांडात कंपालाच्या आसपासच्या खेड्यांत राहिल्या, २६ घरांतल्या आया आणि बाळं महिनोन्महिने बघितली, मग अमेरिकेत बाल्टिमोरला जाऊन तेच काम पुढे नेलं. तिथे त्यांनी वीसेक मिनिटांची एक पद्धत बसवली. साधारण १२ ते १८ महिन्यांचं बाळ, अनोळखी खोली, खेळणी, एक अनोळखी बाई, आणि आई दोनदा थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. लोकांना वाटतं यात बाळ किती रडतं ते बघतात. तसं नाहीये. आई परत आल्यावर बाळ काय करतं ते बघायचं असतं. बहुतेक बाळं, असे जे अभ्यास झाले त्यात साधारण दोन तृतीयांशाच्या आसपास, आई आली की तिच्याकडे झेपावतात, जरा चिकटतात आणि पुन्हा खेळायला लागतात, यांना सुरक्षित म्हणतात. काही बाळं चिकटतात पण शांतच होत नाहीत, एकीकडे कडेवर घे म्हणतात आणि दुसरीकडे पाय झाडतात, रागावलेली असतात. आणि काही बाळं आई आल्याची दखलच घेत नाहीत, खेळण्यात डोकं घालून बसतात. ही शेवटची बाळं फार समजूतदार वाटतात बघणाऱ्याला, त्रासच नाही. पण १९७०च्या दशकात त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले तेव्हा कळलं की आतून ती रडणाऱ्या बाळांइतकीच ताणात असतात. चेहरा शांत आणि छातीत धडधड. पुढे १९८०च्या दशकात मेरी मेन यांनी चौथा गट दाखवला, ज्यात बाळ आईकडे जाता जाता मधेच थिजतं किंवा उलटं फिरतं, आणि हा प्रकार जास्त करून अशा घरांत दिसतो जिथे ज्याच्याकडे पळत जायचं त्याचीच भीती वाटते. पुढच्या मानसिक त्रासाशी यातल्या त्यात ठळक संबंध या चौथ्या गटाचा आहे, बाकीचे दोन असुरक्षित गट म्हणजे आजार नव्हे, मिळालेल्या परिस्थितीत जमेल तसं जुळवून घेण्याच्या रीती आहेत त्या.

आता तुमचं वागणं पुन्हा बघा. बायको गेली तेव्हा नाही, ती परत आल्यावर तुम्ही दोन दिवस गप्प. आणि ती फोनवर सापडली नाही की एकामागून एक कॉल. यावरून मी तुम्हाला कुठलंही लेबल लावणार नाही, एवढ्या लांबून ते करूही नये, पण तुम्ही जे वर्णन केलंय त्यात मला सहा वर्षांच्या मुलाचं शहाणपण दिसतं. परत आलेल्या माणसावर लगेच विश्वास टाकायचा नाही, ते पुन्हा जाणार आहे. हे त्या वेळी तुमच्या उपयोगाचं होतं, त्यावर तुम्ही दहा वर्षं तगलात. फक्त आता घर बदललंय, माणूस बदललंय, आणि शरीर अजून जुन्याच हिशोबाने चालतंय.

शरीर म्हणते कारण हे विचारांच्या आधी होतं. धोका वाटला की अॅड्रिनलिन सुटतं, ठोके वाढतात, हात गार पडतात, हे सगळं काही सेकंदांत, आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक मागोमाग काही मिनिटांत. लहान मुलाला ही यंत्रणा स्वतःहून शांत करता येत नाही, ती मोठ्या माणसाच्या कडेवर, आवाजावर, वासावर शांत होते, आणि हे हजारो वेळा झाल्यावर मग हळूहळू ते मूल स्वतःला शांत करायला शिकतं. ज्याला ही मदत कमी मिळाली त्याची यंत्रणा एकतर पटकन पेटते आणि सावकाश विझते, किंवा मग दाबून ठेवायची सवय लागते. तुम्ही स्वतःला कितीही समजावलं की बायको स्वयंपाक करत असेल, फोन सायलेंटवर असेल, तरी धडधड थांबत नाही याचं कारण हेच, आणि ही तुमच्या इच्छाशक्तीची कमतरता नाही हे मी अगदी ठामपणे सांगते.

मोठ्या आकड्यांचं बोलायचं तर अमेरिकेत सॅन दिएगोला डॉ. फेलिट्टी आणि डॉ. अँडा यांनी १९९५ ते ९७ दरम्यान १७ हजारांहून जास्त लोकांना बालपणाबद्दल विचारलं. मारहाण, लैंगिक अत्याचार, दुर्लक्ष, घरात दारू, आईला मारहाण, कोणी तुरुंगात, आईवडील वेगळे होणं वगैरे. १९९८ मध्ये पहिला पेपर आला. असे चार किंवा जास्त प्रकार सोसलेल्या लोकांत दारूचं व्यसन, ड्रग्ज, डिप्रेशन, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट दिसला, आणि हार्टचे, फुप्फुसाचे आजारही जास्त. आपल्याकडेही २००७ मध्ये केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला होता, त्यात तीनातल्या दोन मुलांनी मारहाण सांगितली होती. म्हणजे "आमच्याकडे मुलांना फार जपतात" हे आपण म्हणतो ते सगळ्या घरांना लागू नाही.

पण इथे थांबा, कारण या आकड्यांचा फार गैरवापर चाललाय. रील बघून लोक माझ्याकडे स्वतःचा स्कोअर, म्हणजे यातले किती प्रकार सोसले त्याचा आकडा, घेऊन येतात, मॅडम माझा पाच आला, माझं आयुष्य गेलं का. मोठ्या गर्दीबद्दल खरं असलेलं एका माणसाबद्दल खरं असतंच असं नाही. खुद्द डॉ. अँडांनीच २०२० मध्ये लिहिलंय की हा स्कोअर एकेका माणसाचं भविष्य सांगायला वापरू नका. तीच गोष्ट त्या "तुम्ही अँक्शस की अव्हॉयडंट", म्हणजे नात्यात घाबरून चिकटणारे की लांब राहणारे, छापाच्या दहा प्रश्नांच्या टेस्टची. प्रौढांच्या नात्यांवर हे लावायला १९८७ मध्ये हेझन आणि शेव्हर यांनी सुरुवात केली, उपयोगाचं काम आहे ते, पण पहिल्या वर्षाच्या अटॅचमेंटवरून, म्हणजे सांभाळणाऱ्या माणसाशी बाळाचं जे नातं जुळतं त्यावरून, तिशीतलं नातं ठामपणे सांगता येत नाही, मधे शाळा, मित्र, पौगंडावस्था, पहिलं प्रेम, नोकरी, लग्न एवढं सगळं येतं आणि माणूस बदलतो. शिवाय आनुवंशिकता आहे, घरात कोणाला अँक्झायटी किंवा डिप्रेशन होतं का हे विचारावंच लागतं. आणि तुमच्या बाबतीत थायरॉइड, बी-१२, चहाचं प्रमाण, रात्रपाळी हे सगळं आधी बघून घ्या, सातपूर-अंबडमध्ये शिफ्ट बदलत राहणाऱ्या कितीतरी जणांची धडधड नुसती झोप मार्गी लागल्यावर निम्मी होते.

अजून एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय कारण ती आपल्या घरांत फार दुखावते. अटॅचमेंट म्हटलं की सगळे आईकडे बोट दाखवतात, त्यातही नोकरी करणाऱ्या आईकडे. हे अन्यायाचं आहे आणि चुकीचंही आहे. मूल एकाच माणसाशी बांधलं जात नाही, आई, वडील, आजी, मोठी बहीण, सांभाळणाऱ्या मावशी असे दोन-चार जण त्याचे असतात, युगांडातल्या त्या घरांतही सांभाळणारे बरेच होते. अमेरिकेत १९९१ पासून हजाराहून जास्त मुलांचा अभ्यास झाला, त्यात दिसलं की नुसतं पाळणाघरात ठेवल्याने अटॅचमेंट बिघडत नाही, आई मुलाच्या हाकेला कशी ओ देते यावर जास्त अवलंबून असतं. कॉलेज रोडला नोकरी करून सात वाजता घरी येणारी आई तासभर मुलाबरोबर खरंच असेल तर ते मूल ठीक असतं, आणि वडील पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबई अपडाऊन करत असतील तरीही रविवारी नुसतं झोपून न काढता मुलाला घेऊन सोमेश्वरला गेले तर मूल त्यांचंही होतं. एड ट्रॉनिक यांनी आई आणि बाळाचे व्हिडिओ फ्रेम बाय फ्रेम बघितले तेव्हा चांगल्या नात्यातही दोघांचे सूर साधारण ३० टक्केच वेळ जुळलेले दिसले. उरलेला वेळ चुकणं आणि परत जुळवून घेणं. म्हणजे चुकून ओरडलात, दुर्लक्ष झालं, याने काही तुटत नाही, नंतर जवळ घेतलं का, विचारलं का, हे मूल लक्षात ठेवतं.

वेगवेगळ्या समाजांत हे सारखंच असतं का असं कोणी विचारेल. १९८८ मध्ये ८ देशांतले जवळपास २००० बाळांचे निकाल एकत्र करून बघितले होते, तर देशादेशांतल्या फरकापेक्षा एकाच देशातल्या वेगवेगळ्या गटांतला फरक साधारण दीडपट निघाला. भारत त्यात नव्हता. त्यामुळे परदेशी टक्केवारी आपल्याला जशीच्या तशी चिकटवू नये, आपल्याकडे बाळ आईशेजारी झोपतं, अनोळखी खोलीत एकटं कधी नसतंच. पण घाबरल्यावर कोणाकडे तरी पळायचं आणि त्या माणसाने जवळ घ्यायचं, याची गरज कळवणच्या बाळाला आणि बाल्टिमोरच्या बाळाला सारखीच आहे.

याच कारणाने मला पेठ-सुरगाण्याकडची मुलं आठवल्याशिवाय राहत नाहीत. सहाव्या वर्षी पहिलीतच आश्रमशाळेत निवासी येतात, आईवडील निफाड-दिंडोरीला द्राक्षाच्या कामावर गेलेले असतात, मुलाला सणाला घरी न्यायलाही कधी कोणी नसतं. शिक्षण नको असं मी मुळीच म्हणत नाही, ते हवंच. पण पहिल्या महिन्यात आईला चार-पाच वेळा येऊन राहू द्या, रोज संध्याकाळी फोनवर बोलू द्या, लहान मुलांसाठी एकच मावशी वर्षभर ठेवा, दर दोन महिन्यांनी बदलू नका, भावंडांना एकाच ठिकाणी ठेवा. याला फार खर्च नाही. आदिवासी विकास आयुक्तालय आपल्या नाशकातच आहे, या गोष्टी इथूनच ठरू शकतात आणि त्या ठरायला हव्यात. गप्प बसलेलं मूल म्हणजे रुळलेलं मूल, एवढा एक समज जरी शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये काढून टाकला तरी पुष्कळ होईल.

आता सुधारणा होते का. होते. हवाईच्या काउई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांना एमी वर्नर यांनी चाळीस वर्षं फॉलो केलं. गरिबी, घरात दारू, आईवडिलांचे आजार अशा कठीण परिस्थितीत वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली, प्रेमळ, कामाची माणसं झाली, आणि त्यांच्या आयुष्यात बहुतेक वेळा एक तरी पक्कं माणूस होतं, आजी, शिक्षक, शेजारी कोणीही. जी मुलं सोळाव्या-अठराव्या वर्षी वाया गेली असं वाटत होतं त्यातलीही बरीच तिशी-चाळिशीत सावरलेली दिसली, आणि त्यामागे जी कारणं सापडली त्यात चांगला जोडीदार मिळणं हे एक होतं. तुम्ही चौतीस वर्षांचे आहात आणि बायको परत परत येतेय, म्हणून मुद्दाम सांगितलं. दुसरी बाजूही सांगायला हवी. रुमानियात १९८९ नंतर अनाथालयांतून इंग्लंडमध्ये दत्तक गेलेल्या १६५ मुलांचा अभ्यास आहे, सहा महिन्यांच्या आत घर मिळालेली मुलं जवळपास इतर मुलांसारखी झाली, त्याहून उशिरा गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे त्रास मोठेपणीही राहिले, तरी त्यांच्यातलाही साधारण पाचातला एक कायम बिनत्रासाचा राहिला. म्हणजे अगदी टोकाचं दुर्लक्ष खोल जातं. पण तुमचं तसं नाही, तुमची पहिली सहा वर्षं आईजवळ गेली आहेत, तुम्ही स्वतः लिहिलंय की लहानपणी तिच्या कुशीत झोपायचात. तो पाया तुमच्याकडे आहे आणि उपचारात तो फार कामाला येतो.

मुलीचं. मेरी मेन यांनीच मोठ्या माणसांसाठी एक मुलाखत तयार केली, तुमच्या बालपणाबद्दल सांगा अशी. त्यातून जे निघालं ते ऐकून माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आईवडिलांच्या डोळ्यांत पाणी येतं. मुलाची अटॅचमेंट कशी होईल हे आईवडिलांचं बालपण चांगलं होतं की वाईट यापेक्षा ते बालपणाबद्दल कसं सांगतात यावर जास्त ठरतं. लंडनमध्ये १०० गरोदर बायकांची अशी मुलाखत बाळंतपणाआधी घेतली, आणि बाळ वर्षाचं झाल्यावर तपासलं, तर सुरक्षित की असुरक्षित हा अंदाज साधारण ७५ टक्के वेळा बरोबर आला. ज्यांनी दुःखाचं दुःख म्हणून, चांगल्याचं चांगलं म्हणून, सलग आणि खरं सांगितलं त्यांची मुलं बहुतेक सुरक्षित. "सगळं मस्त होतं" म्हणून विषय मिटवणारे, किंवा आजही त्या रागात अडकून पडलेले, त्यांची मुलं जास्त करून असुरक्षित. म्हणून तुमची पहिली पायरी बायकोला बदलायची नाही, मुलीला जपायची तर मुळीच नाही. ती गोष्ट नीट सांगायला शिकायची आहे. पहिलीत गेलो, महिनाभर रडलो, कोणी आलं नाही, मग रडणं बंद केलं, काकू चांगली होती पण ती आई नव्हती. एवढी चार वाक्यं एखाद्या शांत माणसासमोर मोठ्याने म्हणून बघा, पहिल्या वेळी घसा दाटेल, दाटू द्या.

आईला विचारायचं असेल तर "तू मला का टाकलंस" असं नका विचारू, तिने टाकलं नव्हतं, त्या काळात गावातल्या शाळेची काय अवस्था होती हे तुम्हाला माहितीये. "मी गेल्यावर तुझे दिवस कसे जायचे" असं विचारा आणि मग ऐका. बहुतेक आया यावर जे बोलतात ते मुलांनी आयुष्यात कधी ऐकलेलं नसतं. आणि समजा ती म्हणाली की झालं गेलं सोड आता, तरी तुमचं काम अडत नाही, तिच्या कबुलीवर तुमचं बरं होणं टांगून ठेवू नका.

बायकोशी, पण भांडणाच्या वेळी नाही, एखाद्या निवांत रविवारी बोला. मी गप्प होतो तेव्हा तुझ्यावर रागावलेलो नसतो, तू परत आलीस यावर माझा विश्वास बसायला वेळ लागतो, एवढंच सांगा. मग दोघांनी मिळून एक साधी गोष्ट ठरवा, ती माहेरहून आली की पहिल्या अर्ध्या तासात दोघांनी चहा घेऊन शेजारी बसायचं, बोललं नाही तरी चालेल पण उठून दुसऱ्या खोलीत जायचं नाही. फोनचं असं करा की न उचलल्यास एक मेसेज टाकायचा, "वेळ मिळाला की कर", आणि फोन ठेवून पंधरा मिनिटं चालून यायचं, श्वास सोडताना घेण्यापेक्षा लांब सोडायचा. धडधड लाटेसारखी चढते आणि उतरते, कॉल केले नाहीत तरी उतरते, हे शरीराला अनुभवानेच कळतं, समजावून नाही. तिनेही दिवसभर फोन हातात धरून बसायचं नाहीये, तसं केलं तर भीती वाढते.

आणि मुलीसाठी दोन-तीन गोष्टी, ज्या नाशकात घरोघरी चालतात आणि बंद व्हायला हव्यात. कामावर निघताना तिचं लक्ष दुसरीकडे वळवून मागच्या दाराने सटकू नका. रडली तरी चालेल, टाटा करून, संध्याकाळी येतो सांगून जा आणि संध्याकाळी आल्यावर "बघ, बाबा आला" म्हणा. सटकलेल्या बाबाला मूल दिवसभर शोधत राहतं, सांगून गेलेल्या बाबाची वाट बघतं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. "ऐकलं नाहीस तर तुला सोडून जाईन", "पोलिसाला देऊन टाकीन", "तू आमची नाहीसच, तुला रामकुंडावरून उचलून आणलंय", ही वाक्यं गमतीतही नकोत, मोठ्यांना हसू येतं, मुलाला ते खरं वाटतं. बोल्बींनी सोडून जाण्याच्या धमकीला चिकट, घाबऱ्या मुलांमागचं मोठं कारण म्हटलंय आणि माझा अनुभवही तोच आहे. ती पडली, घाबरली, रडली तर "काही झालं नाही, उठ" ऐवजी आधी "लागलं का गं" म्हणा. ती याने लाडावत नाही.

उपचाराचं सांगते. तुम्ही लिहिलेल्या त्रासासाठी थेरपी नक्की घ्या, झोप महिन्याहून जास्त बिघडलेली आहे म्हणून एकदा सायकिअॅट्रिस्टलाही दाखवा, औषध लागेलच असं नाही पण लागलं तर घाबरू नका, अँक्झायटीवरची नेहमीची औषधं योग्य देखरेखीखाली सवय लावत नाहीत, ज्या झोपेच्या गोळ्या सवय लावतात त्या आपल्या मनाने मेडिकलमधून घेऊ नका. सायकॉलॉजिस्ट निवडताना क्लिनिकल सायकॉलॉजीचं शिक्षण आणि आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी आहे का हे सरळ विचारा, दोन दिवसांचा कोर्स करून "इनर चाइल्ड हीलिंग" करणारे आता गंगापूर रोडलाही बरेच झालेत, पाच हजारात एका बैठकीत बालपण धुऊन देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. पैशाची अडचण असेल तर सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत जा. टेलीमानस हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटण्याचे विचार आले तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा किंवा हॉस्पिटल गाठा. आणि वाचणाऱ्यांपैकी कोणाला आजूबाजूच्या एखाद्या लहान मुलाबद्दल काळजी वाटत असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

पहिल्या दोन-तीन बैठकींत काहीच होत नाही असं वाटेल, हे आधीच सांगून ठेवते, कारण तुमच्यासारखी माणसं नेमकी तेव्हाच सोडून जातात. थेरपिस्ट आठवडाभर सुट्टीवर गेली आणि परत आल्यावर तुम्हाला तिच्याशी बोलावंसं वाटलं नाही, तर ते तिला तसंच्या तसं सांगा. खरं काम तिथून सुरू होतं.